बाबा नदीत राहतात

१४ मे

ठोंब्या,

‘प्रिय’ वगैरे लिहिणार नाही. घरातलं नाव वापरते, कारण तुझं खरं नाव परवा मला ऑफिसच्या संगणकावर दिसलं आणि तेव्हापासून ते तोंडात घ्यायची इच्छा नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेल केला तर ‘मी सध्या कामात आहे’ असं यंत्रच उत्तर देतं. म्हणून कागद. वाचायचा नसेल तर निदान फाडावा तरी लागेल, तेवढे कष्ट घे.

गेल्या वर्षीच्या पुराचं तू बातम्यांत पाहिलं असशीलच. त्या दिवशी मी पूर नियंत्रण कक्षात होते, माझ्या रोजच्या खुर्चीवर. माझं काम तुला माहीत आहे, तुझ्याच जातकुळीतलं आहे. उपग्रहाची चित्रं आली की ती नकाशावर चढवायची, प्रोग्राम चालवायचा, आणि जिथे पाणी भरलं तिथे लाल चौकोन उमटले की शेजारच्या टेबलावरून त्या चौकोनांकडे होड्या सुटतात. त्या दिवशी सगळं शहर लाल. मैदान लाल, बाजार लाल, इस्पितळाचं मागचं दार लाल. आपली गल्ली मात्र कोरी करकरीत! मी फोन लावला तर बाबा ओरडून सांगताहेत, ‘अगं, खिडकीला लागलं पाणी!’ मी उठून मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या कक्षप्रमुख. त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘फोनवर आज सगळेच रडताहेत. नकाशात दाखव.’

नकाशात दाखवायला काही नव्हतं. होडी गेली नाही. बाबा दिवसभर जिन्यात बसून राहिले आणि शेवटी शेजाऱ्यांनी दार काढून त्यावर बसवून त्यांना ओढत बाहेर आणलं. आता बरे आहेत.

वर्षभर मला वाटत होतं, उपग्रहाचं रडार चुकलं असेल. दाटीवाटीच्या घरांमधलं पाणी त्याला नीट दिसत नाही, हे पहिल्या वर्षीच शिकवतात. म्हणून गप्प बसले. परवा पावसाळ्याआधीची तपासणी करताना नकाशाचे सगळे थर एकेक करून उघडले. सगळ्यात खाली एक थर असतो, ‘कायमचं पाणी’. नद्या, तळी वगैरे. प्रोग्राम तो आधीच वजा करतो, कारण नदीत पाणी असायचंच, त्याला कुणी पूर म्हणत नाही. मी आपला भाग मोठा करून पाहिला. वळणापाशी नदीला पोट सुटलंय, आणि त्या पोटात आपली अख्खी गल्ली. शाळेच्या मागच्या भिंतीपासून सायकलवाल्या काकांच्या दुकानापर्यंत सगळं निळं.

कळतंय का तुला? या नकाशात बाबा नदीत राहतात. पाणी गळ्याशी आलं तरी प्रोग्राम म्हणणार, नदीत पाणी आहे, त्यात काय नवल! नदीत कोण होडी पाठवतं सुटका करायला?

मग मी थराची माहिती उघडली. बनवणाऱ्या कंपनीचं नाव, आणि खाली तपासणाऱ्याचं. तुझं. मी उठून पाणी प्यायला गेले आणि पेला भिंतीवर फेकावासा वाटला. प्लास्टिकचा होता, म्हणून फेकला.

तुझं आणि बाबांचं काय असेल ते तुम्ही दोघं बघा. तू शिकायला गेलास आणि तिकडचाच झालास, बाबा नको ते बोलले, तूही काही कमी बोलला नाहीस, आणि तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना. मला त्यात पडायचं नाही. मला फक्त पाऊस सुरू व्हायच्या आत ती गल्ली नदीतून बाहेर हवी आहे.

ताई

२ जून

ठोंब्या,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, तक्रार क्रमांक मिळाला. ‘आपली विनंती नोंदवली असून संबंधित संस्थेच्या अधिकृत पत्रानंतर तिचा विचार केला जाईल.’ मी तुला लहानपणी नाक पुसायला शिकवलं रे! आणि तू मला क्रमांक देतोस?

बरं, अधिकृत पत्र तर अधिकृत पत्र. मी मॅडमकडे गेले. सगळं दाखवलं, निळं पोट, गल्ली, गेल्या वर्षीचे फोन. त्यांना पटलं. पटल्यावर त्यांनी काय केलं माहीत आहे? उठून दार लावलं. म्हणाल्या, ‘हे पत्र आपण दिलं तर गेल्या वर्षीचा नकाशा चुकीचा होता असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. तो नकाशा सगळीकडे दाखवून झालाय. मला निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत गं.’ मी म्हटलं, ‘मॅडम, तिथे माणसं राहतात.’ तर म्हणतात, ‘ती अजून आहेत ना? मग झालं तर.’

म्हणजे तुम्ही म्हणणार, त्यांनी पत्र द्यावं. त्या म्हणणार, तुम्ही आपणहून बदलावं. दोघांनी हात वर केलेले, आणि खाली माझा बाप.

आता तुला एक सांगते. मागच्या पत्रात बाबा बरे आहेत असं लिहिलं, ते खोटं. त्या दिवशी पाण्यातून जिन्याकडे जाताना पत्र्यावर पाय पडला. डावा. जखम चिघळली आणि बोटं काढावी लागली. ‘त्याला कळवलंस तर याद राख’ असा दम मला दिला होता, म्हणून गप्प होते. जन्मभर बस चालवलेला माणूस, क्लच दाबायचा पाय तो. आता जिना चढताना कठड्याला असं धरतात की बघवत नाही. मी म्हटलं, माझ्याकडे राहायला चला. तर म्हणतात, ‘चौथ्या मजल्यावर? मी बस चालवली, विमान नाही.’ वर शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात हसतात.

आणि आणखी एक. तो थर तू कोणत्या चित्रावरून काढलास, ते मी शोधून काढलं. आपल्याकडे पावसात नेहमी ढग, तुला स्वच्छ चित्र सापडत नव्हतं. मग एक सापडलं. लख्ख ऊन, एक ढग नाही, नदी काठोकाठ. खूश झाला असशील! अरे, ते गेल्या वर्षीच्या पुराच्याही आधी जो मोठा पूर आला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं चित्र आहे. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, आणि गल्लीत कमरेएवढं पाणी उभं होतं. तू ते पाणी पाहिलंस आणि त्याला नदी म्हणालास.

ते चित्र मी मोठं करून बघितलं. शाळेचं छप्पर दिसतं. त्याच्या बाजूला पाण्याची गोल टाकी दिसते, जिच्यावर चेंडू काढायला चढून तू पडला होतास. टाकीपासून चौथं छप्पर आपलं. आंधळ्यालासुद्धा ओळखू येईल. तुला स्वतःचं घर ओळखू आलं नाही? तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. कुणा परक्यानं केलं असतं तर मी चूक म्हणून सोडून दिलं असतं.

ताई

१९ जून

ठोंब्या,

चला, खरं पत्र आलं एकदाचं! शिव्यांसकट. बरं वाटलं, माणूस जिवंत आहे म्हणायचा.

तू लिहितोस, ‘ताई, ते चित्र घेतलं त्या वर्षी पूर आला होता हे मला आत्ता, तुझ्या पत्रातून कळतंय. त्या आठवड्यात मी घरी फोन केला होता. बाबा म्हणाले, इकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे. मग ते निळं दिसलं तेव्हा मी त्याला नदी म्हणणार नाही तर काय? वळणाजवळ नदी सरकली असेल असं वाटलं.’

मला खरं वाटेना. तशीच उठून बाबांकडे गेले. ते खुर्चीत बसलेले, पाय स्टुलावर, शेजारी सायकलवाले काका. काका दुकान बंद करून रोज येतात, बाबांच्या पायाची जखम अजून पुरती भरलेली नाही, तिची पट्टी तेच बदलतात. माझ्यापेक्षा हलक्या हातानं. मी दारातूनच विचारलं, ‘बाबा, गेल्या वर्षीच्या आधीच्या त्या पुरात तुम्ही त्याला काय सांगितलं होतं?’

‘काय सांगणार? त्याची परीक्षा होती.’

‘कोरडं आहे म्हणून सांगितलंत?’

‘मग काय, पोहतोय म्हणून सांगू? सगळं टाकून आला असता पळत.’ मग काकांकडे बघून म्हणाले, ‘टेबलावर उभा राहून बोलत होतो रे मी फोनवर, आठवतं? तू माझा पाय धरला होतास, पडू नये म्हणून.’

आणि दोघं म्हातारे हसायला लागले. मला हसू नाही आलं. मी दोघांना एवढं फाडफाड बोलले की काका पट्टी अर्धी ठेवून घरी निघाले, त्यांना परत बोलवावं लागलं. बाबांना सगळं सांगितलं, थर, चित्र, निळं पोट. त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतला. मग म्हणाले, ‘म्हणजे मीच बुडवलं म्हण की गल्लीला.’ त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तेव्हा बाबांच्या वाट्याचा राग बाबांवर काढून झाला. आता तुझ्या वाट्याचा तुला. खोटं बाबा बोलले, मान्य. चित्र कुठे खोटं बोलत होतं? चित्र बघायचा पगार तू घेतोस. नदी खरंच सरकली का, हे बघायला एक मागचं आणि एक पुढचं चित्र काढायचं होतंस. कोणत्याही दुसऱ्या गावासाठी काढलं असतंस! आपल्या गावासाठी नाही काढलंस, कारण तुला वाटलं, हे आपल्याला माहीतच आहे. किती वर्षांपूर्वी सोडलंस रे ते गाव?

शेवटी एक कामाचं लिहिलं आहेस, त्यासाठी आभार. जागा कोरडी असल्याचा पुरावा हवा, जागेवर जाऊन काढलेले फोटो, नकाशातल्या ठिकाणासकट, म्हणजे मॅडमच्या पत्राशिवाय काहीतरी करता येईल. देते. रविवारी जाते.

ताई

२८ जून

ठोंब्या,

फोटो पाठवते आहे. ठिकाणांचे आकडे प्रत्येकाच्या मागे लिहिले आहेत, मेलवरही टाकले आहेत.

मी नुसते रस्त्याचे काढणार होते. पण बाबांना कळलं, आणि बाबांना कळलं म्हणजे सगळ्या गल्लीला. मी पोचले तर हे बसचा जुना खाकी शर्ट घालून, दाढी करून, भर गल्लीत खुर्ची टाकून बसलेले. म्हणे, ‘काढ फोटो. नदीच्या मध्यावर बसलोय. विचार त्याला, बुडतोय का मी.’ मग वरच्या मजल्यावरची जुळी मुलं आली, शिवणकाम करणारी मावशी मशीन सोडून आली, सगळे रांगेत उभे. नुसती जत्रा! खुर्चीच्या मागे, टोपीवाले, ते सायकलवाले काका. त्यांना तू ओळखशीलच, तुझ्या पहिल्या सायकलचं चाक त्यांनीच जोडून दिलं होतं. स्वतःच्या दुकानासमोरही त्यांनी एक वेगळा काढायला लावला, हातात हवा भरायचा पंप घेऊन. म्हणाले, ‘आमचं दुकान नदीत असतं तर मी होड्याच दुरुस्त केल्या नसत्या का?’

बाबांच्या पायाकडे बघितलंस तर बघ. ते लपवत नव्हते.

मी या पत्रात भांडत नाही, दमले आहे. पाऊस सुरू झालाय. सगळे फोटो नीट बघ आणि काम कर.

ताई

२४ जुलै

ठोंब्या,

या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुझा मेल आला, ‘तुझं काम झालं, ताई.’ खाली एक ओळ, ‘बाबा किती वाळले गं.’ खोटं कशाला बोलू, मी ऑफिसात तोंडावर रुमाल धरून रडले. बाबांना फोन करून सांगितलं. त्यांनी काकांना सांगितलं, काकांनी सगळ्यांना. त्या दिवशी गल्लीत मावशीनं सगळ्यांना चहा पाजला म्हणे. मी नकाशा उघडून बघितला नाही. तुझ्यावर विश्वास ठेवला. आता माझं मलाच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पाणी गेल्या आठवड्यात चढलं. सकाळी पहिलं चित्र आलं, मी प्रोग्राम चालवला आणि आपल्या गल्लीकडे बघत बसले. लाल झाली! एक चौकोन. मी वाट बघितली. बाकीचे येतील, उशीर होत असेल. आले नाहीत. मग मी खालचा थर उघडला. सगळी गल्ली जशीच्या तशी निळी, आणि त्या निळ्यात घराएवढं एक भोक. आपलं घर.

तू आपलं घर तेवढं बाहेर काढलंस.

त्याच रात्री मी मेलवर तुझ्याशी भांडले, त्याला तुझं उत्तर आलं. ‘पूर्ण भाग बदलायला वरची मंजुरी लागते, तो पुढच्या आवृत्तीत जाईल. एकेक ठिकाण मात्र मला माझ्या अधिकारात दुरुस्त करता येतं, एका पुराव्यावर एक. म्हणून आधी बाबांचं केलं.’ आधी! अरे, मी तुला ढीगभर फोटो पाठवले होते! प्रत्येकामागे आकडे होते! एका पुराव्यावर एक, तर मावशीच्या फोटोवर मावशीचं घर निघालं असतं, काकांच्या फोटोवर दुकान निघालं असतं. एका संध्याकाळचं काम होतं. तू त्यातला एकच फोटो बघितलास, बापाचा, आणि तुझं पोट भरलं.

आता काय झालं ते ऐक. होडीवाल्यानं मला नंतर सांगितलं. होडी गल्लीत शिरली, बाबा जिन्याच्या खिडकीत उभे. होडीवाला म्हणाला, ‘काका, चला, तुमच्यासाठीच पाठवलंय.’ बाबा म्हणाले, ‘आधी वरची पोरं घे. मग मावशी.’ तो म्हणाला, ‘मला तुमच्याच घराचा हुकूम आहे, बाकी इथे काही दाखवत नाही.’ बाबांनी त्याला अशी एक शिवी हासडली की तो सांगताना लाजत होता. पोरांना घेतलं, त्यांच्या आईला घेतलं, मावशीला घेतलं, होडी भरली. बाबा त्याला म्हणाले, ‘परत ये, तो समोर सायकलवाला आहे, त्याला पोहता येत नाही.’ होडीवाला हो म्हणाला. खरंच येणार होता तो.

पण आपल्या घराच्या चौकोनावर ‘सुटका झाली’ अशी खूण झाली. नकाशात तिथे दुसरं काहीच नव्हतं. होडी दुसरीकडे पाठवली. मी कक्षात घसा फुटेस्तोवर ओरडत होते. स्वतःच्या हातानं अख्खी गल्ली लाल रंगवली, मॅडमनी ती पुसली. मी पुन्हा रंगवली, त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. शेवटी मी बाहेर धावले आणि एका ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडून त्याला तिकडे नेलं. बाबा मिळाले. वर चढून बसायचं सोडून छातीभर पाण्यात दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा धरून उभे होते, आणि समोरच्या दुकानाकडे बघून हाका मारत होते.

काका दुकानाच्या दारातल्या पाइपला धरून होते म्हणे, बराच वेळ. बाबा त्यांच्याशी बोलत होते, धीर देत होते, ‘येतेय होडी, येतेय.’ मग हात सुटला. बाबांच्या डोळ्यांसमोर.

फोटो पुन्हा काढून बघ. खुर्चीच्या मागे उभे आहेत ते.

काका पाणी ओसरल्यावर सापडले, कालच त्यांना पोचवलं. बाबा माझ्याकडे आले आहेत, चौथ्या मजल्यावर, एकदाही कुरकुर न करता. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, ‘होडी आपल्याच घरी का आली?’ मी टाळलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी संगणक उघडून नकाशा त्यांच्यासमोर ठेवला. बोट त्या भोकावर ठेवून म्हणाले, ‘हे त्यानं केलं?’

‘हो.’

‘माझ्यासाठी?’

‘हो, बाबा.’

मला वाटलं, रडतील. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, ‘फोन लाव त्याला.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी लावला. तू उचलला नाहीस. निरोप ठेवायची शिटी वाजली, ती त्यांना कळली नाही, मीच खूण केली. तुझी सवय मला माहीत आहे, तू निरोप ऐकत नाहीस. म्हणून ते जे बोलले ते इथे लिहिते, एक अक्षर न बदलता:

‘मी बोलतोय. सायकलवाला गेला. तुला माझी काळजी वाटली, ते कळलं मला. त्या वेळी मी तुझ्याशी खोटं बोललो, ती चूक माझी, मला काय बोलायचं ते बोल. पण गल्लीत मी एकटा राहत नाही रे. एक तर सगळ्यांना बाहेर काढ, नाहीतर मलाही परत नदीत टाक.’